जंगलाची रेघ : जोडेघाट ते मेंढा

आश्विन पौर्णिमेला आपण कोजागरी करतो. त्याच तिथीला तेलंगणातल्या जोडेघाट या डोंगरातल्या गावी गोंड, कोलाम, परधान माणसे हजारोंनी जमतात, ती कोमाराम भीमच्या स्मरणासाठी. निजामाच्या सशस्त्र पोलिसांनी १९४० साली याच डोंगरात भीमला आणि त्याच्या साथीदारांना गोळ्या घातल्या. आज जोडेघाट ज्या जिल्ह्यात आहे त्याला भीमचेच नाव आहे. पण १९४० साली जोडेघाट आणि आमचे परभणी एकाच राज्यात होते. दोन्हींकडच्या अर्जांवर हैदराबादेतच निर्णय व्हायचा. तरीही मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामावरची पुस्तके चाळली तर भीमचे नाव क्वचितच सापडते. दर १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो, हुतात्म्यांची नावे घेतो, त्या यादीतही तो नसतो. २०२२ मध्ये ‘आरआरआर’ चित्रपट आला आणि भीमचे नाव मराठी मुलांच्या तोंडी आले. चित्रपटाने त्याची गाठ अल्लुरी सीताराम राजूशी घालून दिली आहे. राजू १९२४ मध्येच मारला गेला आणि या दोघांची भेट कधी झाली नाही, हे एक वेळ सोडून देऊ. भीम ज्या जमिनीसाठी लढला ती जमीन चित्रपटात कुठेच नाही, याची खंत जास्त आहे.

ही जमिनीची गोष्ट आज पुन्हा काढण्याला कारण आहे. हवामानबदलावरच्या जागतिक परिषदांत अलीकडे ‘आदिवासींचा आवाज’ हा शब्दप्रयोग फार ऐकू येतो. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत आदिवासी समाजांच्या हक्कांचा उल्लेख आला. त्यांच्या पारंपरिक ज्ञानाचा आधार घ्यावा, असेही त्या करारात म्हटले आहे. २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत त्यांच्यासाठी १७० कोटी डॉलरची घोषणा झाली. हा आवाज जणू काल-परवा उमटला आणि जगाने तो लगेच ऐकला, असे हे सगळे वाचून वाटते. आपल्याच जुन्या राज्याचे कागद वेगळे सांगतात. मागणी जुनी आहे, ती लेखी आहे आणि ती फार नेमकी आहे. जंगलाची हद्द कोण आखणार, आणि आखताना आमची पड मोजणार की नाही, एवढीच ती मागणी.

पड म्हणजे काय हे परभणीच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. आदिलाबादच्या डोंगरपट्ट्यातला गोंड हा नांगरधारी शेतकरी होता. खोलगटातली काळी जमीन तो रब्बीला पेरायचा आणि उतारावरची हलकी जमीन खरिपाला. हलकी जमीन काही वर्षांत थकते. मग तिला पड टाकायची, शेजारचा तुकडा साफ करून पेरायचा आणि पहिल्या तुकड्यावर झुडपे वाढून, पालापाचोळा कुजून जमिनीला कस आला की तिकडे परतायचे, अशी त्याची रीत होती. कोलाम तर डोंगरमाथ्यावर नांगराशिवाय, कुदळीने पोडू शेती करायचे. गावाच्या दृष्टीने पेरलेले शेत जेवढे आपले, तेवढीच पडही आपली. फक्त ती आज झोपलेली असायची.

निजामाच्या वनखात्याने राखीव जंगलाच्या रेघा आखल्या तेव्हा पेरलेले शेत तेवढे गावाचे धरले. पडीवर झाडोरा उभा होता, म्हणून ती जंगलात गेली. एका रेघेने शेताची अर्धी साखळीच तोडली. उरलेल्या तुकड्यावर वर्षानुवर्षे तेच पीक घ्यायचे, जमीन धुपली की उपाशी राहायचे, आणि जुन्या पडीवर पाऊल ठेवले तर दंड भरायचा. काही वस्त्या तर आख्ख्याच रेघेच्या आत सापडल्या आणि उठवल्या गेल्या. त्याच काळात रस्ते आणि काझीपेठ-बल्लारशा लोहमार्ग झाले. मैदानी मुलखातून शेतकरी, सावकार आणि ठेकेदार या भागात आले. कचेरीची वाट ठाऊक असलेल्यांच्या नावावर काळ्या जमिनीचे पट्टे झाले. गोंडाला एकीकडून जंगलखात्याने आणि दुसरीकडून पट्टेदाराने दाबले.

भीम या चिमट्यातून आलेला. तरुणपणी परागंदा होऊन तो चांद्याकडे आणि पुढे आसामच्या चहामळ्यांत गेला, तिथून परतला आणि बाबेझरी-जोडेघाटच्या बारा वाड्यांच्या बाजूने उभा राहिला. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा पुढे त्याच्या नावाशी कायमची जोडली गेली. पण बंदुकीच्या आधी अर्ज होता, ही बाब पोवाड्यांत मागे पडते. वाड्या जाळल्या-पाडल्या जात असताना भीमने दाद मागण्याचे सगळे सरळ रस्ते चोखाळले, हैदराबादपर्यंत जाऊन गाऱ्हाणे मांडले. खालच्या अधिकाऱ्यांनी ते मानले नाही. त्यानंतरच डोंगर चढून लढायची वेळ आली.

इथे दहा वर्षे मागे जाऊन पैनगंगा ओलांडली तर एक वेगळेच दृश्य दिसते. १० जुलै १९३० रोजी वऱ्हाडात पुसदजवळ लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला. जंगल सत्याग्रहाची ती सुरुवात. पुढे तो वऱ्हाडात, बागलाणात, कुलाबा जिल्ह्यात चिरनेरला पसरला; चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबारही झाला. जंगलाच्या रेघेविरुद्धचा तो उठावच होता आणि त्यात आदिवासी मोठ्या संख्येने होते. पण त्याचे पुढारी वकील होते, वर्तमानपत्रे होती, मागे काँग्रेस होती. त्यामुळे त्याची नोंद राष्ट्रीय चळवळ म्हणून झाली. पैनगंगेच्या दक्षिणेला तोच प्रश्न घेऊन उभ्या राहिलेल्या भीमची नोंद सरकारी दप्तरात ‘फितुरी’च्या अंगाने झाली. मला हा फरक मागणीतला वाटत नाही, मागणी कोणाच्या हस्ताक्षरात आहे त्यातला वाटतो.

भीमच्या मृत्यूनंतर ती मागणी एका परक्या माणसाच्या हस्ताक्षरात उतरली. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ हा मूळचा व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो भारतात होता आणि त्याच्या खिशात जर्मन पारपत्र होते. ब्रिटिशांच्या लेखी तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. त्याला हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहण्याची मुभा मिळाली. चेंचू आणि रेड्डी लोकांमध्ये काम करून तो आदिलाबादच्या गोंडांकडे आला. बंडाच्या जखमा ताज्या होत्या. पत्नी बेटीसह तो मारलावाई या गोंड गावात राहिला आणि त्याने सरकारला अहवाल दिले. ‘ट्रायबल हैदराबाद’ या नावाने ते १९४५ मध्ये छापले गेले. बस्तरच्या माडियांवर पुस्तक लिहिणारे ग्रिगसन त्या वेळी हैदराबादचे महसूल मंत्री होते, हा योगच म्हणायचा. अहवाल वाचणारा माणूस जागेवर होता.

हैमेनडॉर्फच्या अहवालांत पडीची गोष्ट स्पष्ट आली. हलक्या जमिनीला विश्रांती लागते, रेघ आखताना ती विश्रांतीच काढून घेतली आणि भीमचे बंड टाळता आले असते, हे त्याने सरकारच्या तोंडावर लिहिले. परिणामही झाला. ‘लावणी खास’ नियमाखाली आदिवासींना जमिनीचे पट्टे मोफत देण्यास सुरुवात झाली आणि हजारो एकर त्यांच्या नावावर झाले. १९४३ मध्ये मारलावाईला गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. तिथली गोंडी क्रमिक पुस्तके देवनागरी लिपीत काढली होती, कारण आदिलाबादच्या गोंडांना परकी भाषांतली सगळ्यांत जवळची भाषा मराठी होती. १३५६ फसलीत, म्हणजे इसवी सन १९४६ मध्ये, आदिवासी क्षेत्रांसाठी स्वतंत्र कायदा आला आणि त्यांच्या पंचायतींना अधिकार मिळाले. निजामाच्या राजवटीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. आधी गोळ्या घातल्या आणि मग पट्टे दिले, हा क्रम विसरता येत नाही. मात्र मागणी नीट समजून घेतली तर काय होऊ शकते, त्याचा हा आपल्या प्रांतातला पुरावा आहे.

जाता जाता एक नोंद. त्याच १९४३ साली मुंबई विद्यापीठातल्या गो. स. घुर्ये यांचे आदिवासींवरचे पुस्तक निघाले. हे लोक म्हणजे मागासलेले हिंदू, त्यांचे भवितव्य समाजात मिसळून जाण्यात, असा त्याचा सूर. मालवणच्या घुर्यांचे पांडित्य मोठे, त्याबद्दल वाद नाही. पण मराठी शिकलेल्या वर्गाने पुढची कित्येक दशके आदिवासींकडे त्यांच्याच चष्म्यातून पाहिले आणि मारलावाईकडे पाहिलेच नाही, असे माझे मत आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. त्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात, नांदेड जिल्ह्यात आले. १९५९ मध्ये राजुरा चांद्याला जोडला गेला, किनवट नांदेडातच राहिले. भीमच्या मुलखाचा एक तुकडा असा मराठवाड्यात आला. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतले मराठवाड्यातले क्षेत्र नांदेड जिल्ह्याच्या या टोकालाच आहे, ते या वारशामुळे. पण मराठवाड्याने किनवटला आपले म्हटले तरी त्याच्या इतिहासाला आपले म्हटले नाही. आदिवासींच्या जमिनी इतरांच्या हाती जातच राहिल्या. अखेर १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्राला करावा लागला. ज्या रोगावर हैदराबादने १९४० च्या दशकात औषध शोधले होते, त्यावर पुन्हा पहिल्यापासून इलाज सुरू झाला.

आता या सगळ्याचा हवामानाशी संबंध काय, असे कोणी विचारील. त्यासाठी थोडे लांब, आर्क्टिकच्या बर्फात जावे लागेल. डिसेंबर २००५ मध्ये शीला वॉट-क्लूटिए या इन्युइट नेत्या बाईंनी अमेरिका खंडाच्या मानवी हक्क आयोगाकडे एक अर्ज केला. कॅनडा आणि अलास्कातल्या इन्युइट शिकाऱ्यांच्या वतीने, अमेरिकेच्या सरकारविरुद्ध. बर्फ पूर्वीसारखा वागत नाही, वडिलांनी शिकवलेल्या खुणा खोट्या पडतात, वाटेवरचा बर्फ पायाखाली फुटतो आणि अनुभवी माणसे बुडतात. धूर तुम्ही सोडता आणि आमचा जगण्याचा हक्क जातो, असा तो दावा. पुढच्या वर्षी आयोगाने अर्ज पुढे चालवण्यास नकार दिला. बाबेझरी आणि आर्क्टिक यांच्यात साम्य शोधणे ओढूनताणून वाटेल. पण अर्जाची रचना पाहा. जमिनीचा स्वभाव आम्हांला ठाऊक आहे, तो बदलण्याचा निर्णय आम्हांला न विचारता झाला आणि नुकसान आमचे झाले. भीमच्या गाऱ्हाण्यातले मुद्देही हेच होते.

एप्रिल २००९ मध्ये अलास्कातल्या अँकरेज शहरात हवामानबदलावर जगभरच्या आदिवासींची परिषद भरली. तिच्या जाहीरनाम्यात प्रदूषण कमी करण्याची मागणी होतीच. शिवाय मोठी धरणे, एकाच जातीच्या झाडांची लागवड आणि कार्बनचा व्यापार असले उपाय आमच्या हक्कांवर पाय देऊन होणार असतील तर ते आम्हांला नकोत, असेही त्यात होते. आदिवासी इतके पर्यावरणप्रेमी, मग लागवडीला विरोध का, असा प्रश्न शहरी वाचकाला पडतो. ज्याने मिश्र जंगल तोडून तिथे ओळीत साग लावलेला पाहिला आहे, त्याला तो पडत नाही. मोहाखाली माणूस जगतो. सागाच्या ओळीत त्याच्या खाण्याचे काही नसते, आणि कागदावर मात्र दोन्हींची नोंद ‘वन’ अशीच होते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनावरचे हक्क मिळाले. देशातली ही पहिली गावे. कायदा डिसेंबर २००६ मध्ये संमत झालेला. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगल आले. या गावाची तयारी मात्र त्याच्या कितीतरी आधीची. १९८० च्या दशकात गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन धरणे व्हायची होती. परभणी जिल्ह्यातून वाहत गेलेली गोदावरी खाली जिथे जंगलात शिरते, तिथे ती अडवून हजारो हेक्टर वन बुडणार होते. ‘जंगल बचाव मानव बचाव’ आंदोलनाने त्याला विरोध केला. लालश्यामशहा महाराज आणि बाबा आमटे त्यात होते. धरणे मागे पडली. मेंढ्याची माणसे त्या चळवळीत तयार झाली. पुढे देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने स्वतःची पद्धत बसवली. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने घ्यायचा. कोणताही विषय आधी अभ्यास गटात चर्चेला घ्यायचा. फळझाड तोडायचे नाही. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा मेंढ्याचीच.

हक्क मिळाल्यावरही बांबूवरून दोन वर्षे घासाघीस झाली. नव्या कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले होते, १९२७ च्या जुन्या वन कायद्यात तो झाड होता. गवत की झाड, या वनस्पतिशास्त्राच्या प्रश्नावर एका गावाची मजुरी अडली होती. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. आधी कागद गिरण्यांना सवलतीत जाणारा बांबू आता गाव स्वतः विकू लागले. किती तोडायचा आणि किती राखायचा हेही गावच ठरवू लागले. १९४० साली जोडेघाटला जे मिळाले नाही ते इथे मिळाले. मेंढ्याच्या जंगलाची रेघ मेंढ्याने आखली.

गडचिरोली जिल्ह्याच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास भागावर आजही वन आहे. परभणी आणि लातूर राज्यातल्या सर्वांत कमी वन असलेल्या जिल्ह्यांत मोडतात. आम्ही मराठवाड्याची माणसे पाऊस गेला की ढगांकडे पाहतो आणि पाऊस आला की नदीकडे. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात नदीकाठची जमीन पिकासकट खरडून गेली. खालच्या अंगाला उभे असलेले जंगल कोणी राखले, याचा विचार आमच्या चर्चेत येत नाही. आदिवासी म्हणजे निसर्गाचे पुजारी, त्यांच्याकडून शिकावे, अशी भाषणे मात्र येतात. ती मला अडचणीची वाटतात. गोंडांनीही शेतीसाठी झाडे तोडली. त्यांनी जंगल टिकवले ते पूजेने नाही, तर तोडण्या-राखण्याचा निर्णय त्यांच्या हाती होता तोवर. पूजा दिसते म्हणून आपण तिचे कौतुक करतो, निर्णय मागितला की गप्प होतो.

सरकारी व्यवहारात हेच घडले आहे. १३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांनी आदिवासी जनसमूहांच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ विरुद्ध ४ मतांनी मंजूर केला. भारताने बाजूने मत दिले. पण आमच्याकडे सगळेच मूळनिवासी, ही आपली अधिकृत भूमिका कायम राहिली. ऑगस्ट २००९ मध्ये केंद्राने परिपत्रक काढले : वनजमीन दुसऱ्या कामासाठी द्यायची असेल तर आधी ग्रामसभेची संमती घ्यावी. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशाच्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीचा निर्णय ग्रामसभांकडे सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. डोंगर वाचला. नंतर २०२२ च्या वनसंवर्धन नियमांत केंद्राची अंतिम मंजुरी देण्याआधीची ही अट गळाली, हक्कांची बाब राज्यांनी नंतर पाहावी असे ठरले. अनुसूचित जमाती आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षांनी, हर्ष चौहान यांनी, त्याला लेखी हरकत घेतली. सरकारने नियम बदलले नाहीत. एकीकडे ‘पारंपरिक ज्ञान’ हवे, दुसरीकडे संमतीची अट नको. मंजुरी आधी आणि विचारणा मागून, असा हा नवा क्रम.

२०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस तेलंगणा सरकारने आणखी एक रेघ आखली. कवल आणि ताडोबा या व्याघ्र प्रकल्पांना जोडणारा सुमारे दीड हजार चौरस किलोमीटरचा पट्टा संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. वाघांना वाट हवी, हे खरेच आहे. पट्ट्याला नाव दिले गेले कुमरम भीमचे. त्याच्या जिल्ह्यातले गोंड आणि कोलाम त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले, बंद पाळले गेले, जुलैमध्ये सरकारने हुकूम स्थगित केला. स्थगित म्हणजे रद्द नव्हे. भीमच्या नावाने आखलेल्या हद्दीतून आपल्याला उठवले जाईल, ही भीती भीमच्याच वारसांना वाटली. त्यांना आधी विचारले असते तर वाघाची वाट कोणत्या खिंडीतून जाते हे त्यांनीच सांगितले असते, असे मला वाटते.

आमच्या देवगाव फाट्यावरून चारठाण्याच्या रस्त्याने जिंतूरकडे निघाले की सपाट काळे रान संपते आणि टेकड्या लागतात. जिंतूर तालुक्यात आणि पुढे औंढा, कळमनुरीच्या डोंगरांत आंध आदिवासींच्या वस्त्या आहेत. आंध मराठीच बोलतात, त्यामुळे आपल्या लक्षातही येत नाहीत. हे तालुके पाचव्या अनुसूचीत नाहीत, म्हणून ‘पेसा’ कायद्याखालचे ग्रामसभेचे अधिकार त्यांना मिळत नाहीत. वनहक्क कायद्याला मात्र अनुसूचित क्षेत्राची अट नाही. सामूहिक वनाचा दावा जिंतूरची वाडीही करू शकते, मेंढ्याने केला तसाच.

त्या कायद्याच्या नियमांत, तेराव्या नियमात, पुराव्यांची यादी दिली आहे. जुने नकाशे, गॅझेटियर, महसुलाच्या नोंदी यांच्याबरोबर तिथे गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाबही येतो. दावा करणारा सोडून दुसऱ्या वृद्ध माणसाने सांगितलेले, लिहून घेतलेले. गुरे कुठवर चरायची, डिंक आणि मोहफुले कोणत्या नाल्यापर्यंत गोळा व्हायची, देवाचे झाड कोणते, कोणत्या उतारावर पड असायची. १९७२ च्या दुष्काळापूर्वीचे रान आठवणारी माणसे आता साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. निजामाच्या काळातली हद्द स्वतः पाहिलेली तर बोटांवर मोजण्याइतकीच उरली असतील. त्यांचे जबाब घ्यायला कोऱ्या वह्या आणि एक हिवाळा पुरेसा आहे.